भाव सगळेच विचारतात, वाट कोण विचारणार?

"भाऊ, तुमचं काय ते सांगा."

हे वाक्य मी मागच्या आठवड्यात ऐकलं. केजपासून तासाभराच्या अंतरावर एका माळावर टॉवरच्या पायाचं खोदकाम चालू होतं. तिथल्या साइटवरच्या माणसाला मी एवढंच विचारलं होतं, "ही लाइन कुठून कुठं जाणार, नकाशा बघायला मिळंल का?" त्यानं माझ्याकडं वरून खालपर्यंत बघितलं, पत्रकार म्हणून ओळख सांगितली होतीच. गाडीच्या आडोशाला नेलं आणि हळूच म्हणाला, "भाऊ, तुमचं काय ते सांगा."

राग त्याच्यावर आला नाही. त्याला आजवर भेटलेल्या दहापैकी नऊ जणांनी नकाशा मागताना पाकीटच मागितलं असणार. राग आला तो आपल्या सगळ्यांवर. ह्या जिल्ह्यात प्रश्न विचारणाऱ्याची किंमत ठरवायची सवय लागलीय, आणि ती सवय आपणच लावलीय.

म्हणून ही लांबलचक पोस्ट. वेळ असंल तर पूर्ण वाचा. नसंल तर रात्री जेवण झाल्यावर वाचा, पण वाचा.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाला, तेव्हापासून आपल्या तालुक्यात 'पवनचक्की' म्हटलं की पुढचा शब्द 'खंडणी'च येतो. ते प्रकरण कोर्टात आहे, न्याय तिथंच व्हायचाय आणि तो झालाच पाहिजे. पण त्या प्रकरणानं आणखी एक नुकसान केलंय, ज्याबद्दल कुणी बोलत नाही. आता पवनचक्की किंवा लाइनवाल्याला साधा प्रश्न विचारला तरी माणूस खंडणीखोर ठरतो. शेतकरी गप्प, सरपंच गप्प, आम्ही पत्रकारही गप्प. कंपन्यांना ह्याच्याइतकी सोयीची शांतता दुसरी कोणती मिळणार? खंडणीखोरांनी त्यांचं नाही, प्रामाणिक प्रश्न विचारणाऱ्याचं तोंड बंद केलंय.

माझा प्रश्न पैशाचा नाही. माझा प्रश्न वाटेचा आहे. लाइन कोणत्या वाटेनं जाणार, ती वाट कुणी ठरवली, आणि ठरवताना त्या वाटेवर काय जगतंय हे कुणी बघितलं का?

लाइन म्हणजे काय ते आधी समजून घेऊ

पवनचक्कीच्या टर्बाइनमधून वीज निघते ती साधारण ६९० व्होल्टची. बुडाशी ट्रान्सफॉर्मर असतो, तो ती ३३ केव्हीवर नेतो. डोंगरावरच्या सगळ्या टर्बाइन ३३ केव्हीच्या तारांनी एकमेकांना जोडलेल्या असतात आणि त्या तारा एका पूलिंग उपकेंद्रात येतात. तिथून २२० केव्ही, पुढं ४०० केव्ही. शेजारच्या कळंबजवळ धाराशिव भागातल्या पवन आणि सौर प्रकल्पांची वीज गोळा करायला ४००/२२० केव्हीचं उपकेंद्र उभं राहिलंय. परळी आणि गिरवलीकडच्या ४०० केव्हीच्या लाइनी तर आपल्या डोक्यावरून कधीपासून आहेत. म्हणजे आपला भाग आता विजेचा चौक झालाय, आणि चौकात रस्ते वाढतच जाणार.

४०० केव्हीच्या लाइनीखाली साधारण ४६ मीटर रुंदीचा पट्टा लागतो, २२० केव्हीला ३५ मीटर. हिशोब करा. ४०० केव्हीची लाइन एक किलोमीटर गेली की साडेचार हेक्टरपेक्षा जास्त, म्हणजे अकरा एकरांच्या वर जमीन तिच्या सावलीखाली येते. तुम्ही शेती करू शकता, पण मोठं झाड वाढू देता येत नाही, घर बांधता येत नाही. ही सावली तीस-चाळीस वर्षं हलत नाही.

आणि ही जमीन कुणी 'संपादित' केलेली नसते बरं का. वीज कायदा २००३ च्या कलम १६४ खाली सरकार कंपनीला १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यातले अधिकार देऊ शकतं. १८८५! इंग्रजांनी तारायंत्राचे खांब रोवायला केलेला कायदा. जमीन तुमच्याच नावावर राहते, सातबाराही तुमचाच, फक्त वापराचा हक्क त्यांचा. अडवलं तर प्रकरण जिल्हाधिकाऱ्याकडं, मोबदल्यावरून वाद झाला तर जिल्हा न्यायाधीशाकडं. मोबदल्याचे दर मात्र सुधारत गेलेत, हे मान्य केलं पाहिजे. जून २०२४ मध्ये केंद्रानं नवीन मार्गदर्शक सूचना काढल्या. टॉवरच्या पायाखालच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या २०० टक्के आणि तारेखालच्या पट्ट्याला ग्रामीण भागात ३० टक्के. आधी २०१५ च्या सूचनांत हेच ८५ आणि १५ टक्के होतं.

म्हणूनच गावागावात चर्चा फक्त एकच: "तुला किती भेटले?" भांडण दराचं, उपोषण दराचं, बातम्याही दराच्याच. मी स्वतः अशा कितीतरी बातम्या दिल्यात. शेतकऱ्याला दर मिळालाच पाहिजे, त्याबद्दल वादच नाही. पण मोर, कोल्हा, हरीण, माळावरचं गवत ह्यांना कोणता दर? त्यांचा सातबारा कुणाकडं?

आपल्याकडं आहेच किती

बीड जिल्ह्याचं क्षेत्रफळ १०,६९३ चौरस किलोमीटर. त्यात जंगल किती, तर दोन-तीन टक्क्यांच्या आसपास. त्यातही कायद्यानं राखलेलं अभयारण्य म्हणजे पाटोद्याचं नायगाव मयूर अभयारण्य, १९९४ साली जाहीर झालेलं, सुमारे ३० चौरस किलोमीटर. टक्केवारी काढली तर पाव टक्क्याच्या जरा वर. एवढीच आपली श्रीमंती.

मांजरसुंब्याकडून पाटोद्याला जाताना पहाटे काच खाली करून गाडी चालवा. मोरांचा आवाज ऐकू येतो. लहानपणी वडिलांच्या एसटीच्या खिडकीतून मी तो ऐकलाय, आता माझी लेकरं ऐकतात. चार पिढ्या दुष्काळ भोगलेल्या जिल्ह्यात मोर टिकून आहे, कारण तिथल्या माणसांनी त्याला राखलंय. त्याच बालाघाटच्या डोंगररांगेवर वारा चांगला. वारा चांगला म्हणून पवनचक्क्या, पवनचक्क्या म्हणून तारा.

आता कुणी म्हणंल, "भाऊ, अभयारण्यातून लाइन नेता येत नाही, कायदा आहे." बरोबर. अभयारण्याच्या आतून न्यायची तर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ आडवा येतो, फाइल वन्यजीव मंडळापर्यंत जाते. वनजमीन असंल तर १९८० चा वन संवर्धन कायदा लागतो. पण मोराला हद्दीचा दगड वाचता येत नाही. तो रात्री अभयारण्यात झोपतो आणि सकाळी बाजूच्या गावच्या तुरीत, ज्वारीत चरायला येतो. हद्दीच्या शंभर मीटर बाहेर खासगी जमिनीवर तुम्ही टॉवर उभा केला, तर कागदावर अभयारण्याला धक्का नाही. मोराला मात्र रोज सकाळ-संध्याकाळ ती तार ओलांडावी लागणार.

आणि इथं आपल्या कायद्यातलं सगळ्यात मोठं भोक आहे. १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या अधिसूचनेत कोणत्या प्रकल्पांना आधी पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते त्याची यादी आहे. खाणी, धरणं, औष्णिक वीज केंद्रं, मोठे महामार्ग. त्या यादीत वीज वाहून नेणारी लाइन नाही. पवनचक्कीही नाही. म्हणजे शंभर किलोमीटरची ४०० केव्हीची लाइन टाका, तिचा परिणाम काय होणार ह्याचा एक पानाचा अभ्यास करायची सक्ती ह्या अधिसूचनेत नाही. जनसुनावणी नाही. गावाला बोलायची जागाच नाही. म्हणून गाव फक्त दरावर बोलतं, कारण तेवढ्यावरच बोलायची परवानगी आहे.

गोव्यात काय झालं

"जाऊ द्या, असं कुठं कुणी ऐकतं का?" असं म्हणणाऱ्यांसाठी गोव्याची गोष्ट सांगतो.

गोव्याला जास्तीची वीज हवी म्हणून छत्तीसगडमधल्या तमनारच्या नावानं एक मोठा प्रकल्प ठरला. त्यातली ४०० केव्हीची एक लाइन कर्नाटकातल्या धारवाडजवळच्या नरेंद्र उपकेंद्रातून गोव्यात शेल्डेला यायची होती, आणि वाटेत भगवान महावीर अभयारण्य व मोले राष्ट्रीय उद्यान होतं. दोन्ही मिळून सुमारे २४० चौरस किलोमीटर, पश्चिम घाटातलं जुनं जंगल. त्याच जंगलातून रेल्वेचं दुहेरीकरण आणि महामार्गाचं रुंदीकरणही यायचं होतं. एप्रिल २०२० मध्ये, देश लॉकडाऊनमध्ये घरात बसलेला असताना, राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीची बैठक व्हिडिओ कॉन्फरन्सवर झाली आणि लाइनला हिरवा कंदील मिळाला.

गोव्याची तरुण पोरं उठली. वकील, शास्त्रज्ञ, चित्रकार, विद्यार्थी, गावकरी. मोले वाचवा म्हणून पत्रं गेली, चित्रं निघाली, नोव्हेंबर २०२० मध्ये चांदर गावात रेल्वेच्या रुळांवर हजारो माणसं रात्रभर बसली. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. कोर्टाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीनं पाहणी केली आणि एप्रिल २०२१ च्या अहवालात लाइनबद्दल जे म्हटलं ते आपल्यासाठी सोन्यासारखं आहे. जंगलातून नवा पट्टा तोडूच नका, आधीपासून असलेल्या २२० केव्हीच्या लाइनीचा पट्टा वापरा, त्याच वाटेनं न्या. एप्रिल २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानंही त्याच शिफारशीनुसार जायला सांगितलं. रेल्वेच्या दुहेरीकरणाची मंजुरी तर ९ मे २०२२ ला रद्दच केली. परिणामांचा नीट अभ्यास न करता मंजुरी दिली गेली, हे त्यामागचं एक मोठं कारण.

बघा, कोर्टानं "गोव्याला वीज नको" असं म्हटलं नाही. "लाइन नको" असंही म्हटलं नाही. म्हटलं एवढंच की दुसरी वाट होती, ती तुम्ही बघितली का नाही? ह्या एका प्रश्नासाठी तिथल्या लोकांना दोन वर्षं रस्त्यावर आणि कोर्टात उभं राहावं लागलं. तोच प्रश्न पहिल्या दिवशी, टेबलावर नकाशा पसरताना विचारला असता तर? कंपनीचे पैसे वाचले असते, सरकारचा वेळ वाचला असता, भांडण झालंच नसतं.

परिणामांचा अभ्यास म्हणजे विकासाच्या पायात घातलेली बेडी, असं ज्यांना वाटतं त्यांनी मोलेचा हिशोब मांडावा.

पक्षी तारेला का धडकतो

हा प्रश्न मला एका मित्रानं विचारला, "एवढी मोठी तार, पक्ष्याला दिसत नाही का?"

नाही दिसत. माणसाचे डोळे समोर असतात, बऱ्याच पक्ष्यांचे बाजूला. माळढोकासारख्या पक्ष्याला तर उडताना समोरचा एक भाग नीट दिसतच नाही. त्यात वजन जास्त, म्हणजे ऐनवेळी वळता येत नाही. मोर, माळढोक, करकोचे, रोहित, सगळे जड पक्षी ह्याच कारणानं मरतात. मोठ्या लाइनीला सगळ्यात वर एक बारीक तार असते, वीज पडली तर ती झेलायला. जाड तारा बघून पक्षी वर उचलतो आणि त्या बारीक तारेला धडकतो. पहाटे आणि संध्याकाळी, धुकं असताना जास्त. आणि ११ किंवा ३३ केव्हीच्या लहान लाइनीवर दुसरीच गोष्ट. तिथं तारा जवळजवळ असतात, मोठ्या पक्ष्याचे पंख दोन तारांना एकदम लागतात आणि शॉक बसतो.

राजस्थानच्या थर भागात भारतीय वन्यजीव संस्थेनं अभ्यास केला. सुमारे ४,२०० चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात तारांमुळं वर्षाला ८० हजारांहून जास्त पक्षी मरत असावेत, असा त्यांचा अंदाज निघाला. एका जिल्ह्याच्या अर्ध्याहून कमी भागात! हे प्रकरणही सुप्रीम कोर्टात गेलं. १९ एप्रिल २०२१ ला कोर्टानं माळढोकाच्या भागातल्या तारा जमिनीखाली न्यायला सांगितल्या. नंतर सरकार म्हणालं, एवढ्या मोठ्या भागात उच्च दाबाच्या सगळ्या तारा जमिनीखाली नेणं तांत्रिकदृष्ट्या जमणार नाही, खर्चही परवडणार नाही, आणि कोळसा कमी करायचा तर सौर ऊर्जा लागणारच. २१ मार्च २०२४ ला कोर्टानं आधीचा सरसकट आदेश शिथिल करून तज्ज्ञांची समिती नेमली. त्याच निकालात हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण हा नागरिकांचा हक्क असल्याचंही म्हटलं.

मी तो निकाल विरोधकांच्या बाजूचा म्हणून लपवणार नाही. उलट तो आपल्या कामाचा आहे. कोर्टाचं सांगणं सरळ आहे: वीज की पक्षी असा सोपा प्रश्न नाही, जागा बघून, अभ्यास करून ठरवा. आणि आपल्याकडं नेमका तोच अभ्यास होत नाही.

माळढोक म्हटलं की आपल्या सोलापूरचं नान्नज आठवतं. १९७९ मध्ये अभयारण्य झालं, तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर. लोकांची शेती, घरं, गावं सगळी त्यात, म्हणून लोक चिडले, आणि शेवटी ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आलं. तोवर माळढोक जवळपास संपलेला. त्याचं घर होतं माळरान, आणि सरकारी दप्तरात माळरानाला एकच शब्द आहे: पडीक. ज्याला पडीक म्हटलं त्यावर काहीही करायला मोकळे. आपल्या बालाघाटच्या माथ्यालाही हाच शिक्का आहे. लांडगा, खोकड, चिंकारा, मेंढपाळांची चराई, पावसाळ्यात उगवणारं गवत, हे सगळं सरकारी भाषेत 'काहीच नाही'. उद्या मोराचंही तेच व्हायला नको.

"तुम्ही विकासाच्या आडवे येताय"

ही कमेंट येणारच, म्हणून आधीच उत्तर देतो.

मी पवनचक्कीच्या विरोधात नाही. परळीचं औष्णिक केंद्र २०१५ च्या दुष्काळात पाण्यावाचून बंद ठेवावं लागलं होतं. पुढच्याच वर्षी लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, कारण आपल्याच तालुक्यातलं धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं होतं. कोळशाच्या विजेला पाणी लागतं, वाऱ्याच्या विजेला लागत नाही. दुष्काळी जिल्ह्यानं वाऱ्याच्या विजेचं स्वागतच करायला पाहिजे. हवामान बदलाचा पहिला फटका कोरडवाहू शेतकऱ्यालाच बसतोय, हे सोयाबीन भिजलेल्या कुणालाही विचारा.

पण हरित ऊर्जा आहे म्हणून सगळं माफ, हे मला मान्य नाही. माधव गाडगीळांच्या पश्चिम घाट समितीनं २०११ च्या अहवालात भीमाशंकरजवळच्या पवनचक्की प्रकल्पाबद्दल हेच मांडलं होतं. डोंगर फोडून काढलेले रस्ते, तुटलेली झाडं, ओढ्यात वाहून गेलेली माती. पातं हिरवं असलं तरी त्याला जोडलेला रस्ता आणि तार हिरवी असतेच असं नाही.

दुसरी कमेंट येणार खर्चाची. "सगळं जमिनीखाली न्यायचं तर वीज महाग होईल." खरंय, उच्च दाबाची केबल तारेपेक्षा कितीतरी महाग पडते, म्हणून मी सगळं जमिनीखाली न्या असं म्हणतच नाही. पण एक बघा. मुंबईला जास्तीची वीज द्यायला कुडूस ते आरे अशी १,००० मेगावॅटची सुमारे ८० किलोमीटरची लाइन आखली, त्यातली जवळपास ५० किलोमीटर जमिनीखालून केबलनं. शहरात जागा नाही म्हणून खर्च झाला. म्हणजे अडचण मोठी असंल तर केबल परवडते. मग आपल्याकडं ३३ केव्हीची लाइन, जिची केबल रोज शहराशहरात टाकली जाते, ती मोरांच्या पट्ट्यात दोन-तीन किलोमीटर जमिनीखाली न्यायला का परवडू नये? मुंबईच्या माणसाची गैरसोय मोजली जाते, आपला मोर मोजलाच जात नाही. न मोजलेल्याचा खर्च नेहमी शून्य धरतात.

तिसरी कमेंट सगळ्यात लबाड: "आजवर किती मोर मेले? नोंद दाखवा." नोंद कशी असणार? तारेखाली पडलेला पक्षी सकाळपर्यंत राहतच नाही. कोल्हा, कुत्रं, रानमांजर रात्रीतून उचलून नेतं. आपल्याला चार पिसं दिसतात. म्हणून अभ्यास करणारे लोक ठरावीक दिवसांनी तारेखालून चालतात, किती पक्षी गायब होतात त्याचाही हिशोब धरतात. कुणी चाललंच नाही तर मेलेल्यांचा आकडा शून्यच येणार. हा आकडा मोजायला कुणी गेलंच नाही, त्यावरून "एकही मोर मेला नाही" असं म्हणता येत नाही.

आमचीही चूक

इथं एक कबुली देतो. लाइनच्या कामाची जाहीर नोटीस पेपरात येते, बारीक टायपात, गावांची नावं असतात. मी वीस वर्षं पेपरात काम करतोय, त्या नोटिशीच्या बाजूला छापलेल्या बातम्या मी लिहिल्या, पण नोटीस वाचली नाही. 'तालुक्यात कोट्यवधींची गुंतवणूक' अशी प्रेसनोट जशीच्या तशी लावली. दिवाळीला जाहिरातही घेतली. पत्रकारितेच्या पदविकेला असताना सर म्हणायचे, बातमीत 'कुठे' हा शब्द विसरू नका. मी 'किती' लिहिलं, 'कुठे' विसरलो.

म्हणून त्या माळावरच्या माणसानं मला "तुमचं काय ते सांगा" म्हटलं तेव्हा मी त्याच्यावर ओरडलो नाही. तो माझ्या धंद्याचा आरसा दाखवत होता.

तर भाऊ, माझं काय ते आता सगळ्यांसमोर सांगतो. लिहून घ्या.

१) जिल्हाधिकाऱ्यांनी एकच नकाशा काढावा. जिल्ह्यात असलेल्या, चालू असलेल्या आणि मंजूर झालेल्या सगळ्या लाइनी, कंपनी कोणतीही असो, एकाच कागदावर. तहसीलमध्ये आणि प्रत्येक ग्रामपंचायतीत लावावा. प्रत्येक कंपनी फक्त आपली लाइन दाखवते, म्हणून सगळ्यांची मिळून किती जाळी झाली हे कुणालाच कळत नाही.

२) नायगाव अभयारण्य आणि मांजरा धरणाच्या आसपासच्या प्रत्येक नव्या लाइनीचा आधी वर्षभर पक्ष्यांचा अभ्यास व्हावा. तिन्ही ऋतू त्यात आले पाहिजेत, कारण धरणावर हिवाळ्यात येणारे पक्षी मे महिन्याच्या पाहणीत दिसणार नाहीत. अहवाल मराठीत आणि जाहीर. कायदा सक्ती करत नाही म्हणून प्रशासनाला सांगायला कुणी मनाई केलेली नाही.

३) एकच वाट दाखवून सही मागायची नाही. किमान तीन पर्याय ग्रामसभेपुढं ठेवा आणि जुन्या लाइनीचा पट्टा वापरता येतो का ते आधी सांगा. मोलेत जे शेवटी झालं ते आपल्याकडं सुरुवातीला व्हावं.

४) असलेल्या लाइनींवर, खासकरून वरच्या बारीक तारेवर, पक्ष्यांना दिसणाऱ्या चकत्या किंवा गुंडाळ्या लावा. त्यानं सगळे पक्षी वाचत नाहीत, पण बरेच वाचतात. अभयारण्याजवळच्या ३३ केव्हीच्या तारा आवरण असलेल्या किंवा जमिनीखालून.

५) वनविभागानं महिन्यातून एकदा लाइनीखालून पायी फिरून नोंद ठेवावी. आपल्या कॉलेजांची पोरं आनंदानं येतील. नोंदवही लोकांना बघायला मिळावी.

ह्यातली एकही मागणी पवनचक्की थांबवत नाही. लाइनसुद्धा थांबवत नाही. फक्त वाट विचारते.

केजकरांनो, पाटोदेकरांनो, तुमच्या रानातून किंवा गावाच्या माळावरून लाइन जात असंल किंवा लाल रंगाची खूण मारून कुणी गेलं असंल, तर गाव, गट नंबर आणि फोटो मला इनबॉक्समध्ये पाठवा. नाव छापणार नाही. सरकार नकाशा काढत नाही तोवर आपणच काढू. तारेखाली मेलेला किंवा जखमी मोर दिसला तर हात लावू नका. तो राष्ट्रीय पक्षी आहे, कायद्यानं पहिल्या अनुसूचीत आहे, पिसं घरी नेली तरी अंगाशी येऊ शकतं. जागेचा फोटो काढा, वनविभागाच्या १९२६ नंबरवर फोन करा आणि मग मला कळवा.

पुढच्या ग्रामसभेत दराचा विषय निघंल, निघालाच पाहिजे. दर घासाघीस करून घ्या, हक्काचा आहे. फक्त सही करायच्या आधी एकदा उभं राहून एवढं विचारा: "साहेब, दुसरी वाट होती का? बघितली का?"

आणि कुणी तुम्हाला बाजूला नेऊन "तुमचं काय ते सांगा" म्हटलं, तर त्याला पुन्हा सगळ्यांत आणा आणि मोठ्यानं सांगा, "नकाशा."